सव्वीस नंबरची सभासद

बऱ्याच दिवसांत इथे काही खरडलं नाही. कारणं नेहमीचीच, ती सांगत बसत नाही. पण गेल्या दोन-अडीच महिन्यांत एक प्रकरण झालं ते लिहून ठेवायला हवं. अर्ध्या नातेवाइकांना ते फोनवर तुकड्यातुकड्याने कळलंय आणि प्रत्येकाकडे त्याची वेगळीच आवृत्ती आहे. मावशीच्या आवृत्तीत मी म्हणे संस्थेचा कंप्युटर 'हॅक' केला. तसं काही नाही हो! मी फक्त एक जुनी फाइल शेवटपर्यंत वाचली.

तर सुरुवात भाऊमामांपासून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाऊमामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, गावच्या हायस्कुलात गणिताचे मास्तर. सांगली जिल्ह्यातलं आमचं आजोळ, ऊस आणि म्हशींचं गाव. १९९७ साली शाळेत एक कंप्युटर आला आणि तो कुणी हात लावू नये म्हणून कापडाखाली झाकून ठेवला गेला. मामांनी कापड काढलं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' हे पुस्तक त्यांनी सांगलीहून आणलं आणि वयाची पन्नाशी उलटल्यावर, उन्हाळ्याच्या एका सुट्टीत, पंख्याखाली बसून ते सी शिकले. इंग्रजी पुस्तक, समासात मराठीत पेन्सिलीने टिपणं. ते पुस्तक मी पाहिलंय. पॉइंटरच्या प्रकरणापाशी पानं पार मऊ झाली आहेत. (ज्यांनी हे पुस्तक वापरलंय त्यांची पानं वेगळ्या कुठल्या प्रकरणापाशी मऊ झाली असतील तर मला कळवा!)

१९९८ साली त्यांनी गावच्या दूध संस्थेसाठी प्रोग्रॅम लिहिला. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, दर, दर दहा दिवसांचं बिल, त्यातून होणारी कपात, दिवाळीचा फरक, सगळं. एक पैसा घेतला नाही. संस्थेने नारळ आणि टॉवेल दिला, तो मामींनी बरीच वर्षं वापरला. तो प्रोग्रॅम आधी डॉसवर, मग एक्सपीच्या काळ्या खिडकीत, असा २०१६ पर्यंत चालला. मग दूध संघाकडून नवी यंत्रं आली, वजनकाटा-फॅट-बिल सगळं एकत्र, आणि मामांचा प्रोग्रॅम रिटायर झाला. अठरा वर्षं! मी नोकरीत लिहिलेलं काहीही अठरा वर्षं चाललेलं नाही.

या वर्षी संस्थेने जुनं दप्तर आवरायला काढलं. जुना कंप्युटर भंगारात द्यायचा होता. आताच्या सेक्रेटरींनी मामांना विचारलं, "मास्तर, यातलं काही ठेवायचं का?" मामांनी मला फोन केला. "तुझं ते लिनक्स का काय आहे त्याच्यावर माझा प्रोग्रॅम चालतो का बघ. नाही चालला तर निदान डेटा तरी काढून ठेव." हार्ड डिस्क एका पिशवीत, पिशवी भाच्याच्या हाती, अशी ती पुण्याला आली.

आता थोडं तांत्रिक. आत्या, तू हा भाग सोडून खाली गेलीस तरी चालेल, पण शक्यतो जाऊ नकोस, खरी ग्यानबाची मेख इथेच आहे.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये घडवली. फार कंजूष भाषा. बेरीज-वजाबाकी, जर-तर, फिरून फिरून तेच करणं, एवढंच तिला स्वतःला येतं. पडद्यावर एक अक्षर उमटवायला तिच्यापाशी स्वतःचा शब्द नाही. जो प्रिंटएफ आपण सगळ्यांनी पहिल्या दिवशी लिहिला तोसुद्धा भाषेचा नाहीच, तो लायब्ररीचा. फाइल उघडणं, वाचणं, मेमरी मागणं, आज तारीख काय ते विचारणं, सगळं लायब्ररीकडे.

ही लायब्ररी म्हणजे तहसील कचेरीबाहेर बसणारा, अर्ज लिहून देणारा माणूस समजा. कचेरी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. तिला तिच्याच नमुन्यातला अर्ज लागतो, आणि डॉसचा नमुना वेगळा, लिनक्सचा वेगळा. आपण आपल्या भाषेत सांगायचं, "ही फाइल उघडून द्या हो." तो त्या त्या कचेरीच्या नमुन्यात अर्ज भरतो, खिडकीवर नेतो, उत्तर आणून देतो. म्हणून एकच सी प्रोग्रॅम इकडे नव्याने कंपाइल केला की इकडे चालतो, तिकडे केला की तिकडे. शिवाय हा माणूस आपल्याआधी येऊन टेबल मांडतो. प्रोग्रॅम 'मेन'पासून सुरू होतो असं आपल्याला शिकवलेलं असतं, पण मेनच्या आधी लायब्ररीचं काम होऊन गेलेलं असतं, आणि मेन संपल्यावर राहिलेलं फाइलमध्ये उतरवून, दिवे मालवून तोच शेवटी जातो.

लिनक्सवर हा माणूस म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्नू सी लायब्ररी, लाडाने 'जीलिबसी'. हिची दुसरी मोठी आवृत्ती १९९७ ची, म्हणजे मामांनी कापड काढलं त्याच वर्षाची. तेव्हापासून तिच्या फाइलच्या नावात जो सहाचा आकडा आहे तो आजही तसाच आहे. लिनक्सवर कुठलाही प्रोग्रॅम घ्या आणि तो कुणाकुणाच्या खांद्यावर उभा आहे ते विचारा, जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत ती असते. आपण तिच्याकडे कधी बघत नाही. मीही सहसा बघत नाही, आणि माझं तर पोट यावर आहे.

असो. मामांचा सोर्स कोड डिस्कवर नीट होता. प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर मराठी शेरा, इंग्रजी अक्षरांत. 'येथे फॅट तपासणे.' 'येथे बिल बंद करणे, सावध.' मला ते 'सावध' फार आवडलं.

त्रास कुठे होणार याची मला कल्पना होती. पडदा पुसणं, कर्सर हवा तिथे नेणं, एक कळ दाबेपर्यंत थांबणं, ही सगळी टर्बो सीच्या 'कोनिओ' हेडरमधली मंडळी. आपल्याकडे कॉलेजात ती इतकी अंगवळणी पडलेली असतात की ती सीचाच भाग वाटतात. पण ती प्रमाणित लायब्ररीत नाहीत आणि जीलिबसीला ती ओळखीचीही नाहीत. ते पडद्याचं काम मी वेगळ्या लायब्ररीवर नेलं. दुसरं म्हणजे आकडे. टर्बो सीचा 'इंट' दोन बाइटचा, माझ्या मशीनवर चार. तिकडचा 'लाँग' चार, इकडे आठ. त्यात माझा कंपायलर मध्ये मध्ये मोकळी जागा सोडतो. मामांच्या एका फाइलमधली नोंद तिकडे एक्कावन्न बाइटची होती, तीच व्याख्या इकडे जशीच्या तशी ठेवली तर चौसष्टची होते. हे सगळं बाइटच्या मापाने पक्कं बांधून घेतलं. रोजच्या दुधाच्या फाइली उघडल्या. १९९८ च्या पहिल्या पहाटेपासून लिटर-फॅट धडाधड येऊ लागले. दहा दिवसांची कुठलीही बिलं काढा, जुन्या छापील बिलांशी पैशापर्यंत जुळत होती. मामांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "जुळणारच. न जुळायला काय झालं?"

एकच फाइल वाकडी निघाली. मयत आणि राजीनामा दिलेल्या सभासदांची. सभासद गेला किंवा त्याने संस्था सोडली की त्याचा क्रमांक, नाव, तारीख, शेअर्सची रक्कम आणि कपातीतून साठलेली ठेव, अशी एक नोंद या फाइलच्या शेवटी चिकटवली जायची. वर्षातून एकदाच ती वाचली जाई. वार्षिक सभेत 'देणे यादी' छापून सभेपुढे मोठ्याने वाचायची, म्हणजे कुणाचे वारस आले नसतील तर ऐकणारा कुणीतरी त्यांना सांगेल. चांगली पद्धत होती.

माझ्याकडे पहिल्या काही नोंदी ठीक आल्या आणि मग नावं एकेक अक्षर सरकायला लागली. पुढे दोन अक्षरं, तीन. रक्कम तर कोटींत. फाइलची लांबी बघितली: ८,९४४ बाइट. एक्कावन्नने भाग जात नाही. नोंदी जर एकसारख्या असतील तर भाग गेलाच पाहिजे. म्हणजे मध्ये कुणीतरी जास्तीचे बाइट घुसवलेत.

मग कोड बघितला. रोजच्या दुधाच्या फाइली मामांनी एफओपनला 'आरबी' असं सांगून उघडल्या होत्या. बी म्हणजे बायनरी. या एका फाइलला वाचताना नुसतं 'आर', लिहिताना नुसतं 'ए'. बी नाही.

लिनक्सवर या बीला काही अर्थ नाही. लिहा, नका लिहू, जीलिबसी बाइट जसेच्या तसे देते. डॉस आणि विंडोजच्या सी लायब्ररीत मात्र त्या एका अक्षरावर सगळं ठरतं. बी नसेल तर लायब्ररी धरून चालते की ही मजकुराची फाइल आहे. युनिक्सच्या घराण्यात ओळ संपल्याची खूण एका बाइटची, दहा. डॉसच्या घराण्यात दोन बाइटची, तेरा आणि दहा. म्हणून मजकूर लिहिताना डॉसकडची लायब्ररी प्रत्येक दहाच्या आधी गुपचूप एक तेरा घालते आणि वाचताना काढून घेते. आपल्याला कळतही नाही. पण हा दहा म्हणजे ओळीचा शेवट नसून सभासद क्रमांक दहा असेल तर? तरी घालते. तिला काय माहीत! क्रमांक २६६ असेल तरी घालते, कारण त्याच्या दोन बाइटांतला एक दहा असतो. असे एकोणीस जास्तीचे तेरा त्या फाइलमध्ये निघाले. ते काढले की उरले ८,९२५. भागिले एक्कावन्न, बरोबर १७५ नोंदी. सगळी नावं सरळ झाली.

हुश्श केलं आणि जुन्या यादीशी ताडून बघायचं म्हणून मामांचा मूळ प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसचं सोंग आणणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवला. देणे यादी काढली.

त्यात ३८ नावं आली.

पुन्हा चालवला. ३८. डिस्कवर २००५, २००९, २०१४ अशा छापलेल्या याद्यांच्या प्रती होत्या. सगळ्यांत तीच ३८ नावं, तोच क्रम. लिनक्सवर माझा प्रोग्रॅम पद्धतशीर हाक मारून कचेरीकडून पहिले ४,०९६ बाइट आणत होता, मग पुढचे, मग उरलेले, आणि १७५ नावं दाखवत होता.

ज्यांनी डॉसवर 'कॉपी कॉन' करून फाइल बनवली असेल त्यांना शेवटी काय दाबायचो ते आठवत असेल. कंट्रोल-झेड. तो बाइट म्हणजे सव्वीस. याची गोष्ट डॉसच्याही आधीची. १९७४ मध्ये गॅरी किल्डाल यांनी सीपी/एम ही सिस्टिम लिहिली. तिच्यात फाइलची लांबी १२८ बाइटच्या तुकड्यांत मोजली जाई. तुमचं पत्र शंभर बाइटचं असलं तरी फाइल १२८ ची. मग मजकूर नक्की कुठे संपला ते कळायला शेवटी एक खूण ठेवायची, सव्वीस. १९८१ मध्ये आलेला डॉस फाइलची लांबी बाइटनिशी लिहून ठेवत होता, म्हणजे खुणेची गरज संपली होती. पण सवय राहिली. डॉसची 'टाइप' आज्ञा सव्वीस दिसला की थांबायची, आणि बी न लावता फाइल उघडली तर सी लायब्ररीही थांबायची. विंडोजची सी लायब्ररी आजही थांबते. १९८९ मध्ये सीचं प्रमाण ठरलं तेव्हा समितीला ही सगळी घराणी एका मांडवात बसवायची होती, म्हणून मजकुराचा प्रवाह वेगळा आणि बायनरीचा वेगळा अशी व्यवस्था झाली. व्यवस्था चुकीची नाही, पुस्तकांत लिहिलेलीही असते. फाइल कापली ती डॉसनेसुद्धा नाही. खिडकीवरून सगळे बाइट मिळतच होते. ती कापली मधल्या माणसाने, आणि त्याने ती सांगितल्याप्रमाणेच कापली.

एकोणचाळिसावी नोंद सभासद क्रमांक २६ ची होती. २००४ सालची.

क्रमांक २६ म्हणजे संस्थेच्या पहिल्या पन्नास सभासदांपैकी. आमच्या आजोळच्या मागच्या आळीत राहणारी एक विधवा बाई, एका म्हशीवर सभासद झालेली. मला तिची म्हैस आठवते, ती आठवत नाही. तिच्या नोंदीतला पहिलाच बाइट सव्वीस. लायब्ररीने तो वाचला, म्हटलं झालं, फाइल संपली. त्यानंतर बारा वर्षं गावात जो गेला किंवा ज्याने संस्था सोडली त्याची नोंद तिच्या मागे नीट लिहिली जात राहिली आणि कधीच वाचली गेली नाही. तिच्या जागी दुसरं कुणी आधी गेलं असतं तर? तर क्रमांक २८२ वर थांबली असती. किंवा सहा हजार सातशे रुपये ठेव असलेल्या कुणावर. तोही आकडा बाइटांत मांडला की त्यात सव्वीस निघतो.

इथवर मला हे सगळं सुरस वाटत होतं. रात्री आईला फोनवर हौसेने सांगितलं. आई गप्पच झाली. मग म्हणाली, "सालं कुठली म्हणालीस? परत सांग."

तेव्हा मला कळलं की २०११ च्या वार्षिक सभेत यावरून रण पेटलं होतं. नेहमी देणे यादी अगदी शेवटी, म्हणजे लोक चिवड्याच्या पुड्यांकडे वळल्यावर वाचली जायची, म्हणून सहा-सात वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या वर्षी एकाने उठून विचारलं, माझा बाप जाऊन तीन वर्षं झाली, त्याचं नाव यादीत का नाही? दरवर्षी तीच नावं कशी? तेव्हाचे सेक्रेटरी, मामांचे बालमित्र, म्हणाले, खतावणी बघा, तुमच्या वडिलांचं खातं आहे, रक्कम देणे दाखवली आहे, उद्या या आणि घेऊन जा. त्यावर तो माणूस म्हणाला, खतावणी तुम्ही हाताने लिहिता. कंप्युटर खोटं बोलत नाही. त्यात नाव नाही म्हणजे तुम्ही नाव दाबलंत आणि बोंब झाल्यावर खतावणीत घातलंत.

सभेत मामाही बसले होते. त्यांना विचारलं, प्रोग्रॅममध्ये काही गडबड असू शकते का? मामा म्हणाले, तेरा वर्षं बिलात एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही. ते खरंच होतं.

चौकशी झाली. ऑडिटरने खतावणी तपासली, रोकड जुळली, काहीच सापडलं नाही. पण 'मेलेल्यांचे पैसे' हा शब्द एकदा गावात फिरला की फिरला. २०१२ मध्ये सेक्रेटरींनी राजीनामा दिला. मुलीच्या सोयरिकीत कुणीतरी तो विषय काढला होता म्हणतात. आई म्हणाली, मामांचं आणि त्यांचं येणं-जाणं तेव्हापासून थांबलं. भांडण नाही काही. नुसतं थांबलं.

आता हे मामांना सांगायचं कसं? आईचं म्हणणं, सांगूच नको. माणूस ऐंशीला आलाय, मधुमेह आहे, काय साधणार आहे? भाऊ म्हणाला, डेटा नीट वाचता आला नाही असं सांग आणि सोड. मी चार दिवस विचार केला. त्या १३७ जणांपैकी काहींचे वारस अजून गावात असणार, ही एक गोष्ट. आणि दुसरी, मामांनी मला लहानपणी शिकवलेलं गणित. उत्तर बरोबर आलं तरी मधली पायरी चुकली असेल तर ते मार्क कापायचे. त्या माणसाला मधली पायरी न दाखवणं म्हणजे त्याला म्हातारा ठरवणं. मला ते जमेना.

शनिवारी गाडी काढून गेले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवला, कारण मामांना तिथला उजेड बरा पडतो. फाइलचे कच्चे बाइट पडद्यावर काढले. काही बोलले नाही, नुसतं एकोणचाळिसाव्या नोंदीपाशी बोट ठेवलं. मामांनी चष्मा बदलला. ओठांत पुटपुटत मोजलं. मग त्यांनी स्वतःच्या कोडची ती ओळ काढायला सांगितली, आणि पाहून बराच वेळ काही म्हणाले नाहीत. मामींनी चहा आणला, तो तसाच राहिला.

"बी," ते म्हणाले.

"हो."

"रोजच्या फाइलींना लावलाय मी."

"हो मामा. सगळ्यांना आहे. ही एकच राहिलीय."

"ही सभेच्या आदल्या रात्री लिहिली होती," ते म्हणाले. तेवढंच. कारण सांगत नव्हते, आठवत होते. मग विचारलं, "तुझ्या लिनक्सवर बी नसला तरी चालतं?" चालतं म्हटलं. "मग हे तिथे कळलंच नसतं मला कधी." यावर मी काय बोलणार!

मामा उठले, सदरा घातला, काठी घेतली. "प्रिंट आहे का?" मी आणली होती, सगळी १७५ नावं.

जुने सेक्रेटरी पलीकडच्याच वाडीत राहतात, पंधरा मिनिटांचा रस्ता, मामा चौदा वर्षं तो चालले नव्हते. ऐकायला कमी येतं त्यांना. त्यामुळे मामांना जे हळू आवाजात सांगायचं असेल ते ओट्यावर बसून ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या दोन बायका, एक कुत्रं आणि मी, एवढ्यांपुढे मामा मोठ्याने म्हणाले, "अरे, नावं तू दाबली नव्हतीस. माझ्या प्रोग्रॅमनं दाबली." दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज फुटला.

मला वाटलं होतं ते रागावतील, नाहीतर रडतील. दोन्ही नाही. त्यांनी यादी हातात घेतली, एकोणचाळिसाव्या नावापासून बोट फिरवत खाली आले, आणि म्हणाले, "हिला शेअर्सचे पैसे मी दिलेत. हिच्या नातवाला. ह्याचे नाहीत दिले, तो मुंबईला असतो." मग नातीकडून पेन्सिल मागवली. आणि पुढचा दीड तास तो माणूस पाठ असल्यासारखं सांगत गेला. कोण येऊन पैसे नेलं, कुणाचं कुणी उरलं नाही, कुणाची सून कुठल्या गावात माहेरी राहते. मामा बाजूला बसून खुणा करत होते. मधेच दोघांचा एका नावावरून वाद झाला, हा थोरला की धाकटा, आणि तो वाद चांगला पंधरा मिनिटं चालला. मामींचा फोन आला, जेवायला येताय का. नाही म्हणाले.

पुढच्या आठवड्यात संस्थेत खतावणीशी ताळा घेतला. १३७ पैकी ९१ जणांचे पैसे त्या त्या वेळी दिलेले होते, सह्या-अंगठ्यांसकट. राहिले ४६. रक्कम फार नाही, सगळी मिळून एक लाख चौदा हजारांच्या आसपास. एवढी वर्षं ती संस्थेच्या पुस्तकात देणे म्हणूनच उभी होती, कुणी हात लावलेला नव्हता. आताच्या संचालकांनी ती वाटायचं ठरवलंय आणि पुढच्या सभेत यादी सगळ्यांत आधी वाचायची, चिवड्याच्या आधी, असंही. २०११ चा ठराव त्या सभेत दुरुस्त करावा असा अर्ज मामांनी दिलाय. स्वतःच्या अक्षरात, कारणासकट. त्यात त्यांनी सव्वीस आणि बी यांचं स्पष्टीकरण अर्धं पान लिहिलंय. चेअरमनना ते कितपत कळलं देव जाणे, पण अर्ज प्रोसिडिंग बुकाला लावलाय.

काल रात्रीपर्यंत ४६ पैकी २९ वारस सापडले. सव्वीस नंबरच्या बाईंचं खातं २००५ मध्येच नातवाने मिटवलं होतं, तिचं काहीच देणं नाही. उरलेल्या सतरांपैकी तिघे मुंबईचे गिरणी कामगार होते, त्यांच्या घरच्यांचा पत्ता लागत नाहीये.

मामांचं आता दुसरंच सुरू आहे. त्यांनी दूध संस्थेखेरीज आणखी तीन ठिकाणी प्रोग्रॅम दिले होते: शाळेचं ग्रंथालय, शिक्षकांची पतपेढी आणि गावची पाणी योजना. तिन्हींचा कोड त्यांच्याकडे फ्लॉपीवर आहे आणि फ्लॉपी वाचणारं यंत्र कुणाकडे मिळेल ते बघ म्हणून मला रोज फोन येतो. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर चालू स्थितीतला साडेतीन इंची ड्राइव्ह असेल तर प्लीज कळवा. मी न्यायला येईन. पुण्याबाहेर असलात तरी येईन.